व्यापारतूट म्हणजे तोटा का?

प्रश्न असा आला आहे: बातम्यांत कधी ‘अमेरिकेची चीनशी व्यापारतूट’ असतं, तर कधी ‘चीनशी व्यापारात अमेरिकेला तोटा’. दोन्ही एकच का? आणि ‘व्यापार तूट’ तोडून लिहायचं की जोडून?

एकच नाही. घोळ होतो, कारण ‘तोटा’ही मुळात कमतरतेचाच शब्द. ‘त्यांच्याकडे पैशाला तोटा नाही’ म्हणतो तेव्हा नफ्यातोट्याचा काही संबंध नसतो. पण धंद्याच्या बोलण्यात तोटा म्हणजे बुडालेला पैसा. तूट हा नुसता दोन आकड्यांतला फरक: पोतं 50 किलोचं, भरलं 48, तर 2 किलोची तूट. तूट येते, ती भरून काढतात; तोटा होतो, तो सोसावा लागतो. आयातीपुढे निर्यात कमी पडली की व्यापारतूट. दिलेल्या पैशांचा माल घरात आलेला असतो, बुडालेलं काही नसतं.

शिवाय हा फरक मोजतात कसा तेही बघा. सीमाशुल्काच्या नोंदीत वस्तूची अख्खी किंमत सहसा शेवटची जुळणी झाली त्या देशाच्या नावावर पडते. शिंग युचिंग आणि नील डेटर्ट या संशोधकांनी 2010 मध्ये आयफोनचा हिशेब मांडला. एक फोन तयार व्हायला 178.96 डॉलर, त्यात चीनमधल्या जुळणीचे फक्त साडेसहा. बाकी पैसा जपान, कोरिया, जर्मनी आणि खुद्द अमेरिकेतल्या कंपन्यांच्या सुट्या भागांचा. तरी 2009 मध्ये या एका फोनमुळे अमेरिकेची चीनशी तूट 1.9 अब्ज डॉलरने फुगली.

अशा आकड्यावर धोरण बेतलं की काय होतं, ते एप्रिल 2025 मध्ये दिसलं. ट्रम्प सरकारने ‘जशास तसं’ म्हणून मोठी तूट असलेल्या देशांवर जाहीर केलेलं आयातशुल्क म्हणजे त्या-त्या देशाशी असलेली तूट भागिले तिथून होणारी आयात, आणि त्याचं निम्मं. इंडोनेशिया: तूट 17.9 अब्ज, आयात 28 अब्ज, म्हणजे 64 टक्के, शुल्क 32. अधिकृत सूत्रात भारदस्त ग्रीक अक्षरंही होती, पण त्यांच्या किमती 4 आणि 0.25, गुणाकार 1, म्हणजे उत्तरात काहीच फरक नाही! इथे तुटीचा अर्थ थेट ‘समोरच्याने केलेली लबाडी’ असा लावला गेला. अमेरिका सेवा विकून जे कमावते, ते या हिशेबात नव्हतंच.

आपल्याकडेही चीनशी मोठी तूट आणि अमेरिकेशी शिलकी व्यापार (निर्यात आयातीपेक्षा जास्त) आहे. औषधांचा कच्चा माल चीनकडून घेऊन तयार गोळ्या अमेरिकेला विकल्या, की एकाच धंद्यातून दोन्ही आकडे वाढतात. यातल्या पहिल्याला ‘तोटा’ म्हणणं मला तरी पटत नाही.

लिहायचं म्हणाल तर सामासिक शब्द आहे, म्हणून जोडून: व्यापारतूट. सेवा धरल्या नसतील तर ‘वस्तुव्यापारातली तूट’ म्हणावं. मथळा थोडा लांबेल, एवढंच.