ताशाचा हात राइडवर

प्रश्न : सर, वय 23, राहणार पुणे. सहा वर्षं पथकात ताशा वाजवतोय, गेल्या दिवाळीपासून ड्रमसेट शिकतोय. रॉक बऱ्यापैकी जमतं. जॅझचा राइडवरचा (म्हणजे ड्रमसेटच्या मोठ्या झांजेवरचा) ठेका मात्र मिनिटाला 200 मात्रांच्या पुढे गेला की दोन मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड होतो. आमचे सर म्हणतात काडी टाकायचं मोलर तंत्र कर. व्हिडिओत एक जण म्हणतो मोलर जुनं झालं, पुश-पुल शिक. तिसरा म्हणतो डावा हात ट्रॅडिशनल ग्रिपने धरला नाहीस तर ते जॅझच नाही. कुणाचं ऐकू? आणि पथकात माझ्याइतका वेग कुणाचाच नाही, मग इथेच का अडतंय?
– ताशावाला, कसबा पेठ

उत्तर : तेवीसचा आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. ताशातला तुझा वेग दोन हातांनी वाटून घेतलेला असतो. एक काडी पडते तेव्हा दुसरी वर असते. राइडवर उजवा हात एकटा. हिशेब कर. 200 च्या लयीत दर दोन मात्रांना तीन टोले, म्हणजे सेकंदाला पाच. सहा मिनिटांचं गाणं असेल तर 1800 टोले, सगळे एकाच हाताचे, आणि मध्ये दम खायला जागा नाही. शिवाय ताशाचं पान. ते इतकं कडक ताणलेलं असतं की बारीक काडी आपोआप उसळते. तुला वाटतं हात पळतोय, पण निम्मी मजुरी पान करत असतं. राइड स्टँडवर डुलते, टोला बसला की सरकते आणि काडी परत देताना हात आखडता घेते. उसळी कमी मिळाली की आपण काय करतो? काडी आवळतो. आवळली की होती नव्हती ती उसळीही मरते, म्हणून आणखी आवळतो. तुझा दगड असा घडतो.

माझाही घडायचा. मी गिरगावातला, बँकेत कारकून. 1979 च्या सुमारास संध्याकाळी सुटलो की धोबी तलावच्या एका कुडीत जायचो. गावाकडून आलेल्या गोवेकरांच्या राहण्याच्या या जागा, एका खोलीत ट्रंका आणि वाद्यं शेजारी शेजारी. तिथे माझे मास्तर राहत. तारुण्यात हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवलेले, नंतर सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये. त्यांनी मोलरचं नाव माझ्यासमोर कधी काढलं नाही. त्यांचा एकच मंत्र, ‘सोड मरे, सोड!’ मी पहिल्यांदा खरोखर सोडली तेव्हा काडी उडून कुणाच्या तरी ट्रंकेवरच्या फ्रेमवर बसली. काच गेली. मास्तर हसले, काचेचे पैसे मात्र माझ्याकडून घेतले.

मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, नळाखाली भिजवला आणि म्हणाले, झटक. मी झटकला. परत झटक, हळू. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला दिसलं. मनगट खाली निघून जातं तेव्हा रुमालाचं टोक अजून वरच असतं. मनगट थांबून वर यायला लागलं की टोक खाली फाट्‌कन वाजतं. म्हणजे आवाज होतो त्या क्षणी हात परतीच्या वाटेवर असतो. तू घरी ओला शर्ट दोरीवर टाकण्याआधी झटकतोस ना, तेच. काडीच्या जागी रुमाल आहे असं समजून सावकाश वीस वेळा कर आणि मनगटाकडेच बघ, टोकाकडे नको.

मोलर म्हणतात ते हेच. सॅनफर्ड मोलर हा अमेरिकन ड्रमर. अमेरिकेतल्या यादवी युद्धात पलटणीपुढे ड्रम वाजवलेले म्हातारे त्याच्या काळात अजून हयात होते. दिवसभर चालत वाजवूनही यांचे हात कसे टिकायचे, हे त्याने त्यांच्याकडून बघून घेतलं आणि 1925 मध्ये पुस्तकात मांडलं. नामवंत ड्रमर जीन क्रूपा त्याच्याकडे शिकला. जिम चॅपिनही शिकला आणि पुढे त्याने हीच हालचाल जन्मभर ड्रमसेटवाल्यांना शिकवली. तेव्हा तुझ्या लक्षात येईल की हे तंत्र क्लबातलं नाही, रस्त्यावरचं आहे. लक्ष्मी रोडवर सहा-सहा तास ताशा वाजवणाऱ्याला ते परकं वाटायचं कारण नाही.

पुश-पुल दुसऱ्या घराण्यातून येतं. बिली ग्लॅडस्टोन न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये स्नेअर, म्हणजे समोरचा लहान कडक ड्रम, वाजवायचा. तिथे जोर दाखवायचा नव्हता, बारीक वाजवायचं होतं. म्हणून काम बोटांकडे आलं. काडी पडू द्यायची, मागची तीन बोटं उघडी, आणि ती उसळली की बोटं मिटून तिचं बूड तळव्यात ओढायचं. त्या ओढीत दुसरा टोला फुकट मिळतो. ड्रमर जो मोरेलो या ग्लॅडस्टोनकडे शिकला, बोस्टनच्या जॉर्ज लॉरेन्स स्टोनकडेही शिकला. हाच मोरेलो 1958 मध्ये जॅझ पियानिस्ट डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीबरोबर भारतात येऊन गेला. माझे मास्तर त्याला मुंबईत अगदी जवळून पाहिल्याचं सांगत. दर वर्षी त्यांची खुर्ची एक रांग पुढे सरकायची.

मोलर मोठी हालचाल, पुश-पुल लहान. दोन्ही एकाच हातात राहतात. भांडण व्हिडिओवाल्यांचं आहे, हातांचं नाही.

आता राइड. जॅझमध्ये हा हात एवढा महत्त्वाचा का झाला ते थोडक्यात. आधी लय पायाने वाजणाऱ्या मोठ्या बास ड्रमवर चालायची, चार मात्रांना चार लाथा. 1940 च्या आसपास ड्रमर केनी क्लार्कने ती उचलून राइडवर नेली आणि पाय मोकळा केला. पाठोपाठ मॅक्स रोच आला. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचं 1945 चं ‘को-को’ ऐक, त्यात ड्रमवर रोचच आहे, लय 300 च्या घरात आहे. तिथे सेकंदाला साडेसात टोले पडतात. नुसत्या मनगटावर हे कुणाचंही चालत नाही.

चालतं ते असं. ठेका तू ‘टिंग, टिंग-क-टिंग, टिंग-क’ असा मोजतोस, एकपासून. एकपासून मोजू नकोस. दोनपासून मोज : दोन-क-तीन, चार-क-एक, दोन-क-तीन, चार-क-एक. झालं! सुटा टोला कुठे उरलाच नाही, सगळे तीन-तीनच्या जुडीत आले. प्रत्येक जुडीला हात एकदाच टाकायचा. ‘दोन’ला रुमाल झटकल्यासारखं मनगट टाक. ‘क’ला बोटं मिटून बूड आत ओढ. ‘तीन’ला हात वर निघालेला असेल, जाता जाता काडीचं टोक राइडला लागू दे, वेगळा टोला मारू नकोस. हात वर पोचला की ‘चार’ला परत टाक. 300 च्या लयीतसुद्धा हात सेकंदाला अडीच वेळाच पडतो. बाकीचं काडी करते आणि बोटं करतात.

यातली गंमत पुढे आहे. ज्या टोल्याला हात पडतो तो आपोआप वजनदार होतो, म्हणजे वजन दोन आणि चारवर येतं. जॅझमध्ये डाव्या पायाचं हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, कुठे मिटतं? दोन आणि चारवरच. म्हणजे हाताची सोय आणि संगीताची चाल एकाच जागी येतात. आपल्याला हे जड जातं, कारण आपले कान समेवर वाढलेले. पथकात तर सगळा ढोल एकवर कोसळतो. मला वर्षभर मास्तरांनी नुसतं दोन आणि चारवर टाळी देत चर्चगेट ते ग्रँट रोड चालत नेलंय, लोक बघायचे. तुझा दगड निम्मा या कारणाने असेल असा मला संशय आहे : ठेका जॅझचा वाजवतोस, पण एकवर दाबतोस, आणि मग जुडी मध्येच तुटते.

लय 120 ला ठेव. पहिला आठवडा फक्त ‘दोन-क-तीन’ आणि गप्प. दुसऱ्या आठवड्यात ‘चार-क-एक’ जोड. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. आठवड्याला पाच-सहाने लय वाढव, हात आवळला की लगेच दहाने खाली ये. आणि हेही सांगतो, 140-150 च्या खाली खऱ्या गाण्यात हा खटाटोप करूच नकोस. सावकाश लयीत प्रत्येक टोला मनगटाने मारला तरच राइड भरदार बोलते. जुडीचं तंत्र हळू लयीत वाजवणारे आळशी ऐकू येतात. उलट 260-280 च्या वर ‘क’ची जागा बदलते, ती दोन मात्रांच्या अगदी मधोमध येऊ लागते. झोका कमी होऊन चाल सरळ होते. घाबरू नकोस, मोठमोठ्यांचीही होते. फारच दमलास तर ‘क’ सोडून नुसत्या चार मात्रा वाजव. त्यात कमीपणा नाही.

काडी बदलली आहेस का? ताशाच्या काडीची सवय असलेली मुलं रॉक शिकताना जाड काडी घेतात आणि तीच राइडवर आपटतात. जॅझला सेव्हन-ए नावाची बारीक, हलकी काडी घे, लाकडी टोकाची. आणि राइड खाली आण. मी जितके विद्यार्थी पाहिले त्यांतल्या बहुतेकांची राइड खांद्याच्या उंचीला, तिरकी उभी असते, फोटोत छान दिसते म्हणून. मग कोपर हवेत, खांदा वर, बोटांपर्यंत काही पोचतच नाही. कोपर बरगडीशेजारी सैल लोंबला पाहिजे आणि काडी राइडवर आडवी पडली पाहिजे. राइड स्टँडला धरून ठेवणारी वरची फिरकी करकचून पिळू नकोस, राइड डुलली तरच बोलते. माझ्या मते तुझं निम्मं दुखणं या एका फिरकीने आणि दोन वीत उंचीने जाईल. तंत्राचं नंतर बघू.

डाव्या हाताचं फार मनावर घेऊ नकोस. ट्रॅडिशनल ग्रिप आली कुठून? पलटणीतला ड्रम गळ्यातल्या पट्ट्याला एका अंगाला तिरका लटकायचा, तिरक्या पानापर्यंत डावा हात नीट पोचावा म्हणून तळवा वर करून काडी धरायचे. ड्रमसेटवर स्नेअर तिरका ठेवायची सक्ती कुणी केलेली नाही. जॅझ ड्रमर बडी रिच शेवटपर्यंत त्याच पकडीने वाजवत राहिला, दुसरा ड्रमर टोनी विल्यम्स याने दोन्ही पकडी वापरल्या. तुझा ताशा पोटासमोर सपाट, दोन्ही हात सारखे धरलेले. सहा वर्षांची ती कमाई सोवळ्यापायी टाकून देऊ नकोस. काडीऐवजी तारांचे ब्रश वापरायला शिकशील तेव्हा ट्रॅडिशनल करून बघ, तिथे ती मला स्वतःला गोड वाटते, डावा हात पानावर सारवल्यासारखा फिरतो.

दुखण्याचं एवढं ध्यानात ठेव : वाजवताना हात भरून येतो आणि काडी ठेवल्यावर दहा मिनिटांत उतरतो, ते पकडीचं दुखणं. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मोलर-बिलर बाजूला ठेव आणि हाताच्या डॉक्टरांना दाखव. मी लग्नसराईच्या नादात हे टाळलं आणि एक पूर्ण पावसाळा बँकेत सही करायला पेन धरता येत नव्हतं.

पथक सोडायची गरज नाही. फक्त नदीपात्रातला सराव संपवून आलास की त्या रात्री राइडला हात लावू नकोस. तीन तास ताशा वाजवलेला हात ‘सोड’ म्हटलं तरी सोडत नाही.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा, ड्रम शिकतो. आम्ही डोंबिवलीत फ्लॅटमध्ये राहतो, खालच्यांची तक्रार असते. उशीवर वाजवलं तर सराव होतो, असं कुणी सांगितलं. खरं आहे का?
– एक आई

उत्तर : ताई, निम्मं खरं आहे. उशी काडी परत देत नाही, त्यामुळे मनगटाला ताकद येते, दहा मिनिटं ठीक आहे. पण वर जे बोटांचं काम लिहिलंय ते उशीवर होऊच शकत नाही, उसळी नाही तर बोटांनी ओढायचं काय? त्याला रबराचा प्रॅक्टिस पॅड घेऊन द्या. तो टेबलावर ठेवला तर टेबलच वाजतं, म्हणून खाली चौपदरी घडी केलेली सतरंजी घाला किंवा पॅड मांडीवर घेऊन बसवा. खालच्यांची खरी तक्रार बहुधा पायांची असेल, बास ड्रमचा पेडल जमिनीतून जातो. पाय रविवारी दुपारी, तेही त्यांना विचारून. आणि रात्री नऊनंतर रुमाल झटकू द्या, त्याचा आवाज कुणाला जात नाही.