आधी पाय धुवायला लाव

प्रिय मुली,

आरोग्य केंद्रात रुजू झालीस, बरं वाटलं. ‘सर, इथली माणसं दिवसभर रानात, पण सगळी सावळी. त्वचेचा कॅन्सर कुठला दिसायचा?’ असं तू लिहिलंयस. तुझ्या वयाचा असताना मीही हेच म्हणायचो.

मेलॅनिन, म्हणजे कातडीतलं काळं रंगद्रव्य, उन्हापासून राखण करतं, खरं आहे. पण अगदी काळ्या कातडीचं संरक्षणही मोजलं तर एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याच्या मापात, १३ च्या आसपास भरतं. सनस्क्रीनची बाटली घेताना आपण ३० मागतो. म्हणून पूर्ण बाह्या हव्यात, डोक्याला टॉवेल हवा. शेतमजुराला महागडं क्रीम लिहून देऊ नकोस, तो ते लावणार नाही. जन्मतः केस-कातडी पांढरी असलेलं मूल आलं, तर मात्र क्रीमचा हट्ट धर. त्याच्याकडे राखण जवळजवळ नाहीच.

पण आपल्या लोकांत मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी निघतो: तळपाय, तळहात, नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ली याला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली निघाला. १९८१ मध्ये तो गेला, वय ३६.

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. ‘टाचेला कुरूप झालंय, डाक्टर.’ भेगांत काळी माती भरलेली. मी पाय न धुताच कुरुपाची पट्टी लिहून दिली. चार महिन्यांनी त्या जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, आलं म्हणून परत आल्या. तेव्हा टाच धुतली. माती गेली, काळं तसंच राहिलं. कडा वेड्यावाकड्या, मधोमध ओलसर.

नखातल्या काळ्या उभ्या रेघांना घाबरू नकोस, आपल्याकडे त्या पुष्कळांना असतात. एकाच नखात असेल, रुंद होत असेल किंवा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल, तर मात्र लगेच तालुक्याला पाठव.

भाजल्याचे जुने वण आणि कंबरही बघ. धोतर घट्ट बांधलं जातं तिथे होणाऱ्या कॅन्सरबद्दल मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच लिहिलं होतं. परकराच्या नाडीखालचा वर्ध्याच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये नोंदवला. बायका कंबर दाखवायला लाजतात, तेव्हा सिस्टरला सोबत घे. न भरणारी जखम दिसली की मलम बदलत बसू नकोस, तुकडा काढून तपासायला धाड.

दाराशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेव. सोबत माझं भिंग पाठवतोय. काचेला एका कडेला चीर आहे, मधून नीट दिसतं.

तुझा,
सर