ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये कायमचा जनरेटर बसवायचा असल्यास तो कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

आपल्या ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घराची, लांबी सुमारे आठ मीटर आहे, छतावर 13,500 बीटीयूचा (बीटीयू हे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) एक एसी आहे आणि कारखान्यातून जनरेटरचा कप्पा मिळालेला नाही, असे आपण लिहिले आहे. जनरेटर किती क्षमतेचा घ्यावा, पेट्रोलचा घ्यावा की गॅसचा, आणि पुढच्या सामानाच्या कप्प्यात उचलून नेण्याजोगा छोटा जनरेटर ठेवून काम भागेल का, हे आपले तीन प्रश्न आहेत. मी ट्रेलरमधील वीज आणि गॅसची कामे करतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो जिवाशी संबंधित आहे. उचलून नेण्याचा जनरेटर बंद कप्प्यात ठेवून कधीही चालवू नये, कप्प्याला कितीही भोके पाडली तरी चालवू नये. तो मोकळ्या हवेत चालेल असे गृहीत धरूनच बनवलेला असतो. कप्प्यात तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो, त्याची पेट्रोलची टाकी इंजिनाला लागूनच असल्याने तीही तापते, आणि धूर फळ्यांच्या फटींतून राहत्या जागेत शिरतो. ट्रेलरसाठी बनवलेल्या जनरेटरची रचनाच वेगळी असते: तो बाजूच्या दारातून थंड हवा घेतो, बहुधा तळातून गरम हवा खाली सोडतो, त्याची इंधनाची टाकी दूर असते आणि त्याची धुराची नळी स्वतंत्रपणे बाहेर काढता येते.

आता क्षमतेविषयी. बहुतेक लोक सर्व उपकरणांच्या वॅटची बेरीज करून जनरेटर निवडतात, आणि त्यामुळे एक तर गरजेपेक्षा मोठे धूड घेतात किंवा एसी सुरू होतानाच बंद पडणारे यंत्र घेतात. पाहायचे असते ते एसीच्या कॉम्प्रेसरकडे. 13,500 बीटीयूचा एसी चालू स्थितीत साधारण 1,400 ते 1,700 वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी तो चालू प्रवाहाच्या चार-पाच पट प्रवाह ओढतो. ही ओढ सेकंदाच्या काही अंशापुरतीच असते. तरीही तेवढ्या वेळात इन्व्हर्टर प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मंडळातून वीज देणारा, जनरेटर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो, तर जुन्या पद्धतीचा जनरेटर व्होल्टेज खाली पडू देऊन कसाबसा तग धरतो. एसीमध्ये सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारे उपकरण, बसवला की ही ओढ निम्म्याहून खाली येते. जनरेटर कोणताही घेणार असाल तरी हा छोटा डबा आधी बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यामुळे जनरेटरची निवडच बदलू शकते. शक्य असल्यास ट्रेलर बाहेरच्या विजेवर जोडून, सुरुवातीचा प्रवाह नोंदवू शकणारा क्लॅम्प मीटर एसीच्या फेज वायरला लावून घ्यावा आणि कडक उन्हात कॉम्प्रेसर तीन-चार वेळा बंद-चालू करून आकडा पाहावा. माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा हा आकडा अधिक विश्वासाचा असतो.

एसीखेरीज बॅटरी चार्जर 500 ते 700 वॅट घेऊ शकतो, विशेषतः रात्रीनंतर बॅटरी उतरलेली असताना. मायक्रोवेव्हवर 1,000 वॅट लिहिलेले असले तरी तो प्रत्यक्षात 1,500 वॅटच्या आसपास ओढतो, कारण लिहिलेला आकडा अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचा असतो. म्हणजे एसी, चार्जर आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवायचे तर साडेतीन ते चार किलोवॅट लागतात. त्याहून मोठा जनरेटर आपल्याला उपयोगाचा नाही, आणि याचे कारण ट्रेलरच्या जोडणीतच आहे: 120 व्होल्टची 30 अँपिअरची जोडणी 3,600 वॅटला थांबते, आणि 230 व्होल्टची 16 अँपिअरची जोडणी 3,680 वॅटला. मुख्य ब्रेकरच त्यापुढे जाऊ देत नसेल, तर पाच-सहा किलोवॅटच्या यंत्राचे वजन वाहून नेण्यात अर्थ नाही.

या आकड्यांतून उंचीची वजावट मात्र करावी लागते. हवा विरळ झाली की इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, आणि समुद्रसपाटीपासून दर 300 मीटरला अंदाजे 3 ते 4 टक्के शक्ती घटते. दोन हजार मीटर उंचीवर 3,600 वॅटचा जनरेटर 2,800 वॅटच्या आसपास येतो. उष्ण हवेतही शक्ती थोडी घटते, आणि एसी नेमका तेव्हाच लागतो. डोंगराळ भागात जास्त राहणार असाल तर क्षमता ठरवताना सपाटीवरचा आकडा बाजूला ठेवून उंचीवरचा धरावा.

इंधनाच्या बाबतीत ट्रॅव्हल ट्रेलरची अडचण अशी, की त्याला स्वतःचे इंजिन नसते आणि म्हणून पेट्रोलची टाकीही नसते. गॅसचे सिलिंडर मात्र असतातच. त्यामुळे गॅसवर चालणारा जनरेटर सोपा वाटतो, आणि काही बाबतींत तो खरोखर सोपा असतो: पेट्रोलचा वास नाही, आणि महिनोन्महिने उभा राहिला तरी कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर साचत नाही. पण चार किलोवॅटच्या आसपासचा गॅस जनरेटर अर्ध्या भारावर तासाला अंदाजे एक किलो गॅस खातो. म्हणजे नऊ किलोचा सिलिंडर आठ-नऊ तासांत संपतो, आणि त्याच सिलिंडरवर आपली शेगडी, पाण्याचा हीटर आणि थंडीत आतली हवा तापवणारी भट्टीही अवलंबून असते. सिलिंडरच्या गॅसमधील प्रोपेन उणे 42 अंश सेल्सिअसपर्यंत वायुरूप होत राहतो. ब्युटेन मात्र शून्याच्या किंचित खालीच थांबतो. त्यामुळे ब्युटेनचे प्रमाण जास्त असलेला गॅस थंडीत जनरेटरला पुरेशा वेगाने मिळत नाही. शिवाय रेग्युलेटरची क्षमता तपासावीच लागते. ट्रेलरसोबत आलेला रेग्युलेटर घरगुती उपकरणांच्या हिशेबाने निवडलेला असतो. जनरेटर पूर्ण भारावर असताना भट्टी पेटली की दाब खाली जातो आणि इंजिन गुदमरून बंद पडते. त्यावर उपाय म्हणजे अधिक क्षमतेचा रेग्युलेटर आणि जनरेटरसाठी जाड व्यासाची स्वतंत्र नळी.

पेट्रोलचा जनरेटर घेतला तर टाकी वेगळी बसवावी लागते, तिचे झाकण आणि हवेची नळी ट्रेलरच्या बाहेर, ज्योत असलेल्या कोणत्याही उपकरणाच्या झरोक्यापासून दूर काढावी लागते, आणि दरवेळी पेट्रोल भरण्याआधी गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची व हीटरची ज्योत विझवावी लागते. आपण वर्षातून मोजकेच दिवस जनरेटर चालवणार असाल तर गॅस घ्यावा. आठवडेच्या आठवडे रोज चालवणार असाल तर पेट्रोल. डिझेलचे जनरेटर या आकाराच्या ट्रेलरसाठी फार जड पडतात.

जागा ठरवणे हा या कामातील सर्वांत कठीण भाग आहे, आणि माझ्या मते यंत्र विकत घेण्याआधी त्याचाच निर्णय व्हायला हवा. चार किलोवॅटच्या आसपासच्या जनरेटरचे वजन साधारण 80 किलो असते. लोखंडी चौकट, पत्रा, केबल आणि नळ्या धरून ते 100 किलोच्या पुढे जाते. हे वजन चाकांच्या मागे ठेवले तर काय होते ते पाहा. समजा, ट्रेलरचे वजन 3,000 किलो आहे आणि त्यातील 360 किलो, म्हणजे 12 टक्के, ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर येते. हुकापासून चाकांच्या मध्यापर्यंत पाच मीटर अंतर आहे आणि आपण 100 किलोचा जनरेटर चाकांच्या तीन मीटर मागे बसवला. तराजूच्या नियमाने हुकावरचे वजन 60 किलोंनी कमी होऊन 300 किलोवर येते, आणि ट्रेलर आता 3,100 किलोचा झाल्यामुळे प्रमाण 10 टक्क्यांच्या खाली जाते. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरसाठी 10 ते 15 टक्के ही मर्यादा सांगितली जाते. तिच्या खाली गेलेला ट्रेलर वेगात डोलू लागतो, आणि एकदा डोलू लागलेला ट्रेलर आवरणे अनुभवी चालकालाही जड जाते. उलट सगळे वजन पुढच्या दांड्यावर ठेवले तर ओढणाऱ्या गाडीची मागील बाजू दबते आणि हुकाची कमाल मर्यादा ओलांडली जाऊ शकते. म्हणून शक्यतो चाकांच्या किंचित पुढची बाजू निवडावी, काम सुरू करण्यापूर्वी भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर घ्यावा आणि काम झाल्यावर पुन्हा घ्यावा.

जनरेटरचे वजन ट्रेलरच्या लाकडी तळावर कधीही टेकवू नये. ते चासीवरच, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरच, घ्यावे. चासीच्या मुख्य तुळयांच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांना भोके पाडणे किंवा त्यांवर आडवे वेल्डिंग करणे टाळावे, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तिथेच असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. जनरेटरला आधार देणारे कंस (ब्रॅकेट) तुळईच्या उभ्या भागाला जोडावेत. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात.

कप्प्याच्या सर्व बाजू धातूच्या पत्र्याने मढवलेल्या हव्यात आणि राहत्या जागेकडून तो पूर्णपणे हवाबंद हवा. केबल किंवा नळी आत नेण्यासाठी पाडलेले प्रत्येक भोक उष्णता सहन करणाऱ्या लेपाने बुजवावे. कुत्र्याच्या नाकालाही वास येणार नाही इतके ते बंद असावे. दाराच्या झडपांचे क्षेत्रफळ मोजताना गफलत होते. 30 बाय 40 सेंटिमीटरचे दार 1,200 चौरस सेंटिमीटरचे असते, पण झडपांच्या पट्ट्या त्यातील निम्मी जागा खातात आणि मागे किड्यांसाठी जाळी लावली तर उरलेलीही कमी होते. प्रत्यक्ष मोकळी जागा 400 ते 500 चौरस सेंटिमीटरच उरते. उत्पादकाच्या बसवणीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा या मोकळ्या जागेचा असतो. तसेच गरम हवा खाली सोडणाऱ्या यंत्राच्या तळाशी सुटे चाक, पाण्याची टाकी किंवा आडवी पट्टी येता कामा नये.

धुराची नळी ट्रेलरच्या खाली संपवू नये. ती बाहेरच्या कडेच्या पलीकडे निघाली पाहिजे, तिच्या वर उघडणारी खिडकी, दार किंवा हवेचा झरोका नसावा, आणि सायलेन्सर ठिणगीरोधक असावा, कारण वाळलेल्या गवतावर ट्रेलर उभा करण्याची वेळ येतेच. नळीला ठिकठिकाणी धातूचे आधार द्यावेत; प्रवासात ती सतत हादरते आणि आधार नसलेला सांधा आधी सैल होतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे झोपण्याच्या जागेजवळ त्याचा अलार्म असल्याशिवाय जनरेटर एकदाही चालवू नये. अलार्मवर त्याची मुदत छापलेली असते. ती उलटली की बटण दाबल्यावर आवाज येत असला तरी तो बदलावा. अमेरिकेत या सर्व बाबी एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या 1192 क्रमांकाच्या मानकात आणि तेथील विद्युत संहितेच्या 551व्या प्रकरणात येतात; अन्यत्र आपल्या देशाचे नियम पाहावेत.

विजेच्या जोडणीत चेंजओव्हर स्विच, म्हणजे दोन स्रोतांपैकी एका वेळी एकच जोडणारा स्विच, किंवा तेच काम करणारी व्यवस्था अनिवार्य आहे. बाहेरची वीज आणि जनरेटर हे दोन्ही एकाच वेळी एकाच पॅनेलला जोडले जाण्याची शक्यताच राहू नये, आणि स्विचने फेजबरोबर न्यूट्रलही बदलला पाहिजे. ट्रेलरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात. ते जिथून वीज येते त्या ठिकाणी एकत्र होतात. जनरेटर चालू असताना ती जागा म्हणजे जनरेटर स्वतः. सर्वांत साधी आणि चूक होऊ न देणारी पद्धत म्हणजे जनरेटरच्या तारा एका सॉकेटपाशी आणून ट्रेलरचीच मुख्य केबल त्यात खोचणे: एक प्लग एका वेळी एकाच सॉकेटमध्ये बसू शकतो. स्वयंचलित स्विचपेक्षा मला हीच पद्धत पसंत आहे. स्टार्टरसाठी 12 व्होल्टची केबल लांब पडत असेल तर ती पुस्तिकेतील तक्त्यानुसार जाड घ्यावी, अन्यथा बॅटरी भरलेली असूनही इंजिन रेटा घेत नाही.

हे सर्व वाचून काम फार मोठे वाटत असेल, तर ते तसे आहेच. तयार कप्पा नसलेल्या ट्रेलरसाठी, एसीला सॉफ्ट स्टार्टर लावून 2,000 ते 2,200 वॅटचे दोन इन्व्हर्टर जनरेटर जोडीने, बाहेर जमिनीवर, दारे-खिडक्यांपासून सहा मीटर किंवा त्याहून दूर आणि धूर ट्रेलरच्या विरुद्ध दिशेला सोडत चालवणे हा मला बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग वाटतो. एकेकाचे वजन 20 ते 25 किलो असते, रात्री एकच चालवला तर आवाज आणि इंधन दोन्ही वाचते, आणि चासीला हात लावावा लागत नाही. पावसात बाहेर जाणे, उचल-ठेव आणि चोरीची काळजी हे मात्र स्वीकारावे लागते. ज्यांना वजन उचलणे शक्य नाही, किंवा रात्री-अपरात्री आजारी माणसासाठी बटण दाबून वीज हवी आहे, त्यांनी कायमचाच बसवावा आणि त्यावर खर्च करताना मागे-पुढे पाहू नये.

कायमचा बसवलात तर पहिली चाचणी कडक उन्हात, एसी आणि चार्जर दोन्ही लावून सलग दोन तास घ्यावी. हवा घेणाऱ्या झडपेपाशी तापमापक ठेवावा. तिथले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच वर चढत असेल तर गरम हवा फिरून आत येत आहे. त्याच वेळी आत सर्व खिडक्या बंद करून अलार्मवर लक्ष ठेवावे, आणि वाऱ्याची दिशा बदलली की ट्रेलर वळवून चाचणी पुन्हा घ्यावी. पुढे दर महिन्याला दोन तास अर्ध्या भारावर यंत्र चालवावे. भाराविना पाच-दहा मिनिटे फिरवण्याने ओलावा जळत नाही. पहिले ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या सुरुवातीच्या तासांनंतर लगेच बदलावे, आणि त्यानंतरचे तास मीटरवर पाहून कप्प्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत.