वाचकांचे प्रश्न : पेशीकेंद्रकाच्या दारातली औषधं

प्रश्न : केंद्रकातून बाहेर जाणाऱ्या प्रथिनांची वाहतूकच अडवली, तर निरोगी पेशीही मरायला हव्यात. मग सेलिनेक्सॉर औषध म्हणून चालतं कसं?

उत्तर : अडवणूक पक्की आणि सतत असेल, तर मरतातच. स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूपासून मिळालेल्या लेप्टोमायसिन-बीचं हेच झालं. माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत रुग्णांची भूक गेली, अंगात त्राण उरलं नाही आणि ते औषध तिथेच सोडून द्यावं लागलं. सेलिनेक्सॉर मात्र २०१९च्या जुलैत अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगासाठी मंजूर झालं. गंमत म्हणजे दोन्ही रेणू बसतात एकाच जागी.

केंद्रकाचं छिद्र यातलं कोणीच बंद करत नाही. साधारण ४० किलोडाल्टन (प्रथिनाचं वजन मोजायचं एकक) पर्यंतची प्रथिनं त्यातून आपली आपण ये-जा करतात, मोठ्यांना वाहक लागतो. बाहेर नेणारा मुख्य वाहक एक्सपोर्टिन-१. प्रयोगशाळेत अजूनही सीआरएम-१ हे जुनं नावच जास्त चालतं. बाहेर जायच्या प्रथिनावर ल्युसीनसारख्या, पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा छोटा पट्टा असतो. तो वाहकाच्या खाचेत बसतो. केंद्रकात रॅन-जीटीपी (जीटीपी हा रेणू धरून असलेलं रॅन नावाचं छोटं प्रथिन) भरपूर, त्यामुळे तिथे माल चढतो. पेशीद्रवात त्या जीटीपीचं जीडीपी होतं आणि माल उतरतो.

त्याच खाचेत ५२८ क्रमांकाचं सिस्टीन आहे आणि दोन्ही रेणू त्याच्या गंधकाला सहसंयुज बंधाने चिकटतात. फरक पडतो तो नंतर. लेप्टोमायसिन आत शिरलं की वाहक स्वतःच त्याचं लॅक्टोन कडं फोडतो आणि रेणू जवळपास कायमचा अडकून बसतो. सेलिनेक्सॉरचा बंध सावकाश सुटतो. म्हणूनच त्याला वेळापत्रक लावता येतं : डेक्सामेथासोन या स्टिरॉइडसोबत आठवड्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी ८० मिलिग्रॅम, बोर्टेझोमिब हे मायलोमाचं दुसरं औषधही असेल तर आठवड्यातून एकदाच १०० मिलिग्रॅम. वाहक अडलेला असतो तेवढ्या वेळात पी-५३सारखी गाठीला आवर घालणारी प्रथिनं केंद्रकात साचतात आणि कर्कपेशी मरणाच्या वाटेला लागते. मधल्या दिवसांत निरोगी पेशी सावरतात.

सगळ्याच सावरतात असं नाही. प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींना थ्रॉम्बोपोएटिन या वाढीच्या संप्रेरकाचा निरोप नीट पोचत नाही, त्या अर्धवट अवस्थेत थबकतात आणि प्लेटलेट उतरतात. डोस कमी करावा लागण्याचं हे नेहमीचं कारण.

प्रश्न : एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत आमचं ३० किलोडाल्टनचं प्रथिन जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला जोडून पाहिलं. लेप्टोमायसिन दिल्यावरही ते पेशीद्रवातच राहतं. म्हणजे ते सीआरएम-१ वापरत नाही, असं लिहावं का?

उत्तर : एवढ्यावरून नको. लेप्टोमायसिन फक्त बाहेरची वाट अडवतं, प्रथिनाला आत ढकलत नाही. तुमचं प्रथिन ३० आणि जीएफपी २७, म्हणजे ५७ किलोडाल्टनची जोडी. ती छिद्रातून नुसती झिरपून आत जाईल ही आशा धरू नका. आत नेणारा संकेत नसेल किंवा पेशीद्रवात कशाला तरी ती बांधलेली असेल, तर औषधाने चित्र बदलणारच नाही. त्याच जोडीला एसव्ही-४० विषाणूच्या टी-अँटिजेन प्रथिनाचा प्रवेशसंकेत (प्रोलीन, तीन लायसीन, आर्जिनीन, लायसीन, व्हॅलीन) लावून बघा. तरीही ती बाहेर राहिली आणि लेप्टोमायसिन दिल्यावर आत साचली, तर सीआरएम-१चा संशय पक्का होतो.

त्याआधी औषध जिवंत आहे ना, हे तपासा. एचआयव्हीच्या रेव्ह प्रथिनाचा बाहेर जाण्याचा संकेत लावलेलं जीएफपी पेशी वाढवायच्या ताटलीच्या शेजारच्या खळग्यात ठेवा. ते केंद्रकात आलं नाही तर बाकी निकाल वाचण्यात अर्थ नाही. मात्रा १० ते २० नॅनोमोलर, वेळ एक ते तीन तास. इथे एककात हमखास घोळ होतो : मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे १८.५ नॅनोमोलर, १० नॅनोमोलर नव्हे. रात्रभर ठेवून 'जास्त परिणाम' शोधू नका, तोवर पेशी आजारी पडतात आणि जे दिसतं ते आजारपण असतं. औषध इथेनॉल किंवा मिथेनॉलमध्ये विरघळवलेलं येतं, म्हणून तुलनेच्या खळग्यात तेवढाच द्रावक घाला.

एचईके पेशी गोलसर असतात, केंद्रकाभोवती पेशीद्रवाची बारीकशी कड, त्यामुळे आत-बाहेर ओळखताना डोळा फसतो. हेला किंवा यू-२-ओएस या पसरट पेशी घ्या. शक्य तर जिवंतच बघा. स्थिर करायच्याच असतील तर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड वापरा, थंड मिथेनॉलने प्रथिनं जागा सोडू शकतात. आणि 'आत दिसतं' असं नुसतं न लिहिता शंभरेक पेशींत केंद्रक आणि पेशीद्रव यांच्या उजेडाचं गुणोत्तर काढा, मोजणाऱ्याला कोणता खळगा कोणता हे कळू न देता.

बेकरी यीस्टमध्ये हा प्रयोग करणाऱ्यांसाठी : तिथे त्या सिस्टीनच्या जागी थ्रिओनीन आहे, लेप्टोमायसिन चालत नाही. ते बदलून सिस्टीन केलेला वाण लागतो.

प्रश्न : सेलिनेक्सॉर घेतल्यावर लगेच उलटी झाली तर गोळी पुन्हा द्यायची का?

उत्तर : नाही. पुढची गोळी ठरलेल्या दिवशीच द्यायची आणि डॉक्टरांना कळवायचं. गोळी फोडायची किंवा चुरायची नाही. मळमळीची औषधं त्रास सुरू झाल्यावर नव्हे, गोळीच्या आधीपासून द्यायची असतात. ती लिहून दिलेली नसतील तर विचारा. वजन, सोडियम आणि प्लेटलेट यांवर लक्ष लागतं. सोडियम उतरलं की सुस्ती आणि गोंधळलेपण येतं. ते 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषधही ही वाहतूक थांबवतं म्हणे. मग ते विषाणूंवर का लागू पडलं नाही?

उत्तर : ते आत नेणाऱ्या इम्पोर्टिन जोडीला अडवतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. अडचण मात्रेची. २०२०मध्ये कोविड विषाणूवरचा जो प्रयोग गाजला, त्यात ५ मायक्रोमोलर वापरलं होतं, म्हणजे मिलिलिटरला सुमारे ४,४०० नॅनोग्रॅम. नेहमीच्या डोसनंतर रक्तात साधारण ५०च्या आसपास नॅनोग्रॅम सापडतात, आणि त्यातलंही बहुतेक रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं.