श्रुतलेखन बंद करू नका, घेण्याची पद्धत बदला

तिसरीच्या वर्गाला आठवड्यातून एकदाच घ्या: आठ शब्द आणि दोन वाक्यं. वीस सुटे शब्द घोकून आलेली मुलं सोमवारी वीसपैकी वीस मिळवतात आणि गुरुवारी निबंधात तेच शब्द चुकवतात, कारण पाठांतर शब्दाचं झालेलं असतं, नियमाचं नाही.

म्हणून शब्द एकाच नियमाचे निवडा. मूल-मुलाला, फूल-फुलाला, वीट-विटेला, सून-सुनेला. शेवटून दुसरं अक्षर मूळ शब्दात दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. चार जोड्या फळ्यावर मांडल्या की पाचवी मुलं स्वतः सांगतात. ‘गुण’, ‘विष’ असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या आठवड्यात अजिबात आणू नका, गोंधळ उडतो.

वाक्य आधी पूर्ण वाचा, मग तुकड्यांत, शेवटी पुन्हा पूर्ण. ‘मूऽऽल’ असं ताणून सांगू नका. आपल्या रोजच्या बोलण्यात हा फरक फारसा ऐकूच येत नाही, मग मूल कानावर विसंबून लिहिणार कसं?

तपासताना लाल फुली मारण्यापेक्षा चुकीचा प्रकार लिहा: ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, रफार. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ शेजारी लिहून दाखवा, एक स्वयंपाकी, दुसरे विद्वान. आणि घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने तसंच लिहिलं, तर त्याला वर्गासमोर चुकीचं ठरवू नका. बोलताना पानी, पुस्तकात पाणी, एवढंच सांगा. गुण मोठ्याने वाचून तर कधीच दाखवू नका. चुकलेले शब्द पुढच्या आठवड्याच्या वाक्यांत परत घाला.