पहिला लाइव्ह अल्बम ऐकताना

लाइव्ह अल्बम ऐकायला डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडपासून सुरुवात करतोयस, मस्तच. थेट त्यांचा 'मेड इन जपान' लाव. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोतल्या कार्यक्रमांत रेकॉर्ड झालेला, मूळ अल्बममध्ये गाणी सातच. सध्या एवढं सांभाळ:

१. मोबाइलच्या स्पीकरवर नको, कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर मुळीच नको. घरी, हेडफोन लावून.

२. गाणं पुढे ढकलू नकोस. नवीन मुलं हमखास इथेच चुकतात. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे, इथे जवळपास वीस मिनिटं चालतं. खरी मजा त्या लांबलेल्या भागातच आहे. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये गिटारिस्ट ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा वाजवतो आणि गायक गिलन तोच गळ्यातून काढतो. चढत जाणारी ती जुगलबंदी ऐकताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

३. आधी स्टुडिओतलं गाणं, मग लाइव्ह. फरक आपोआप कळतो.

'द म्यूल'मधला इयन पेसचा ड्रम सोलो तुला लगेच आवडेल. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या कानांना तो समजावून सांगावा लागत नाही. टर्नटेबल, महागड्या रेकॉर्ड, वेगवेगळ्या आवृत्त्या हे सगळं नंतर. आठवडाभर हाच अल्बम ऐक आणि कुठलं गाणं डोक्यात बसलं ते कळव.