उंचावरच्या तळ्याला ट्रेकला जातोय. साबण बायोडिग्रेडेबल असेल तर तळ्यात आंघोळ केलेली चालते का?

नाही, अजिबात नको. असा साबण कुजायला मातीतले जिवाणू लागतात. बर्फ वितळून साचलेल्या गार पाण्यात तो तसाच पसरतो आणि पाण्यातल्या किड्यांना, माशांच्या कल्ल्यांना त्याचा त्रास होतो. अंग धुवायचंच असेल तर भांड्यात पाणी घेऊन काठापासून निदान 60-70 मीटर लांब जा आणि वापरलेलं पाणी मातीवर ओता. शौचाला जातानाही तेवढंच अंतर ठेवा आणि 15-20 सेंटिमीटर खड्डा करा. नुसतं डुंबायचं असलं तरी सनस्क्रीन आधी लांबवरच धुऊन टाका.

पण खरं सांगू, साबणापेक्षा मला काठाची जास्त काळजी वाटते. फोटोसाठी सगळे पाण्याला चिकटून उभे राहतात आणि नेमकी तिथलीच जमीन ओली, मऊ असते. जरा वाकून बघा. खडकांच्या फटीत हिरव्या उशीसारखी घट्ट, बसकी झुडपं दिसतील. मॉस कॅम्पियन त्यातलंच एक. त्याला पहिलं फूल यायला दहाएक वर्षं लागू शकतात. बुटाखाली चिरडायला एक क्षण पुरतो! म्हणून उभं राहायचं ते उघड्या खडकावर, आणि मळलेली वाट चिखलाची असली तरी तिच्या मधूनच चालायचं. कडेकडेने गेलं की वाट रुंदावत जाते.

अशा तळ्यांत बाहेरून काहीच जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडामधली उंचावरची बहुतेक तळी मुळात बिनमाशांची होती. लोकांनी हौसेने त्यांत ट्राउट सोडले, पुढे तर विमानातूनसुद्धा. तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकाची पिल्लं मोठी व्हायला काही वर्षं घेतात, हिवाळाही बर्फाखाली तळ्यातच काढतात. माशांनी ती फस्त केली. कित्येक तळ्यांतून ट्राउट काढून टाकल्यावर बेडूक पुन्हा वाढले, ही मात्र आनंदाची गोष्ट. त्या बेडकांना मारणारी एक बुरशीसुद्धा आहे आणि ती ओल्या सामानावरून पसरू शकते. एकाच ट्रेकमध्ये दोन तळी करणार असाल तर मधे बूट-चपला स्वच्छ करून खडखडीत वाळवा.

आणि हो, घडीची बादली सोबत घ्या. एकाच खेपेत सगळ्यांचं पाणी येतं, बाटल्या भरायला दहा जणांना काठ तुडवावा लागत नाही.